वातानुकूलन यंत्रणेची नियमित देखभाल

दुकाने, कार्यालये, हॉटेले, रुग्णालये, कारखाने अशा व्यवसायाच्या जागी हवा थंड, उबदार किंवा कोरडी ठेवणारी यंत्रे ठरावीक मुदतीने तपासणे, साफ करणे आणि झिजलेले भाग वेळीच बदलणे म्हणजे वातानुकूलन यंत्रणेची नियमित देखभाल. यंत्र बंद पडल्यावर होते ती दुरुस्ती. ते बंद पडू नये म्हणून होते ती देखभाल. अशी यंत्रणा एकाएकी क्वचितच बिघडते. बंद पडण्यापूर्वी कित्येक महिने ती चालत असते, पण तेवढ्याच गारव्यासाठी जास्त वीज खाते. देखभालीचे खरे मोल हा न दिसणारा खर्च थांबवण्यात आहे.

उगम : आधुनिक वातानुकूलनाचा जन्म व्यवसायाच्या गरजेतूनच झाला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद प्रसरण पावे आणि एकावर एक छापायचे रंग नेमक्या जागी बसत नसत. विलिस कॅरिअर या अभियंत्याने १९०२ मध्ये तेथील आर्द्रता आटोक्यात ठेवणारी यंत्रणा आखली.

कार्य आणि मळ : बंद नळ्यांतून फिरणारे प्रशीतक (बोलण्यात ‘गॅस’) आतल्या कॉइलमध्ये खोलीची उष्णता शोषते. कॉम्प्रेसर त्याचा दाब वाढवतो आणि कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेरच्या हवेला किंवा पाण्याला दिली जाते. त्यामुळे या दोन पृष्ठभागांची स्वच्छता निर्णायक ठरते. फिल्टर धुळीने भरला की कॉइलवरून हवा कमी वाहते. कधी कॉइलवर बर्फही धरतो. कंडेन्सर मळला की उष्णता बाहेर पडेनाशी होते, दाब चढतो आणि कॉम्प्रेसरवरचा ताण वाढतो. प्रशीतकाच्या संघननाचे (वायूचे द्रव होण्याचे) तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले, तर त्याच कामाला साधारण २ ते ३ टक्के वीज जास्त लागते. मुंबई, कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने कंडेन्सरचे ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे गंजून झडतात. म्हणून तेथे बाहेरचे युनिट वारंवार गोड्या पाण्याने धुवावे लागते.

प्रशीतक : प्रशीतक इंधनासारखे जळून संपत नाही. गॅस कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरून घेणे म्हणजे खर्च करूनही बिघाड तसाच ठेवणे होय. आर-२२ हे जुन्या यंत्रांतील प्रशीतक ओझोन थराला घातक असून, हवेत सुटल्यास शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट तापमानवाढ घडवते. नव्या यंत्रांतील आर-३२ सौम्य ज्वलनशील असल्याने त्याचे काम प्रशिक्षित मेकॅनिककडेच द्यावे लागते.

पाणी : मोठ्या इमारतींतील चिलर (पाणी थंड करून पुरवणारी यंत्रे) बहुधा कूलिंग टॉवरच्या पाण्याने थंड होतात. टॉवरमध्ये पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात आणि नळ्यांत त्यांचे कवच धरते. त्यासाठी क्षारयुक्त पाणी वेळोवेळी सोडून द्यावे लागते आणि नळ्या ब्रशने साफ कराव्या लागतात. कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील एका संमेलनाला आलेल्या लोकांमध्ये पसरलेल्या न्यूमोनियाच्या साथीनंतर तो ओळखला गेला. त्यामुळे टॉवरची स्वच्छता हा आरोग्याचाही प्रश्न आहे. लहान यंत्रांत निचऱ्याची नळी शेवाळाने तुंबते आणि पाणी फॉल्स सीलिंगमधून ठिबकू लागते. नळी वेळेवर साफ केली की छत, फर्निचर आणि विजेची जोडणी वाचते.

तापयंत्रणा : महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी खोल्या तापवण्याची गरज पडत नाही, पण हॉटेले, रुग्णालये आणि धुलाईगृहांना गरम पाणी व वाफ लागते. बॉयलरमध्ये आतून क्षार आणि बाहेरून काजळी साचली की इंधन जास्त जळते. बॉयलरची तपासणी कायद्यानेही बंधनकारक आहे. थंड देशांत गॅसवर चालणाऱ्या तापयंत्राला तडा गेला, तर विषारी कार्बन मोनॉक्साइड खोलीत शिरू शकतो. तेथे हिवाळ्यापूर्वीची तपासणी जीव वाचवणारी असते.

नोंदवही : बिघाडाची चाहूल कानांच्या आधी आकड्यांना लागते. समजा, चिलरच्या कंडेन्सरमधून बाहेर पडणारे पाणी ३४ अंशांवर आणि प्रशीतकाचे संघनन ३६ अंशांवर आहे. फरक २ अंशांचा. काही महिन्यांनी तितक्याच भाराला आणि तितक्याच पाण्यावर हा फरक ५ अंश झाला, तर नळ्यांत थर साचल्याची शंका घ्यावी. वाढलेल्या ३ अंशांपोटी ६ ते ९ टक्के जादा वीज जात असते. यंत्र मात्र वरकरणी सुरळीत चालू असते. म्हणून दाब, तापमान आणि विद्युतप्रवाह यांची रोजची नोंद महत्त्वाची.

व्यवसायानुसार निकड : कार्यालयात यंत्रणा थांबली तर गैरसोय होते, शीतगृहात मालच हातचा जातो. बहुतेक लशी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. नाशिकच्या द्राक्षांना शून्य अंशाच्या आसपासची सलग थंडी लागते. ती खंडित झाली की मण्यांवर पाणी सुटते आणि बुरशी धरते. अशा ठिकाणी राखीव यंत्राचीही नियमित चाचणी घेतात.

वेळापत्रक व करार : फिल्टर दोन ते चार आठवड्यांनी धुणे, उन्हाळ्यापूर्वी पूर्ण सर्व्हिसिंग आणि पावसाळ्यानंतर गंज, निचरा व विद्युत जोडण्यांची तपासणी, असा क्रम महाराष्ट्राच्या हवामानाला मानवतो. बहुतेक व्यवसाय हे काम वार्षिक देखभाल करारावर देतात. करारात सुटे भाग धरलेले आहेत की नाहीत, वर्षात किती फेऱ्या होतील आणि प्रत्येक फेरीत कोणती मापे लिहून दिली जातील, हे स्पष्ट असावे. ही मापे मागील फेरीच्या मापांशी ताडून पाहिली की देखभाल झाली की नुसती सही, हे मालकाला कळते.