मिश्रीची चिमूट

इतिहासाच्या प्राध्यापकाने दात घासण्यावर भाषण करावे याचे कित्येकांना नवल वाटेल. राजे, लढाया आणि तहनामे हा आमचा नेहमीचा व्यवसाय. परंतु माणसे रोज सकाळी उठून काय करतात यालाही इतिहास असतो. आणि कराड, पाटण, वाळवे या आमच्या कृष्णा-कोयनेच्या मुलखात तो इतिहास बायकामाणसांना फार महागात पडलेला आहे.

तोंड स्वच्छ ठेवण्याचे शास्त्र आपल्याकडे जुने आहे. दातणाची काडी बारा अंगुळे लांब आणि करंगळीइतकी जाड असावी, असे सुश्रुताने सांगून ठेवले आहे. चरकाने करंज, रुई, अर्जुन अशा झाडांची नावे दिली, आणि जीभ खरवडण्याची पट्टी कशी असावी तेही सांगितले. तोंडाला सुवास यावा म्हणून विड्याचे पान, सुपारी, लवंग, वेलदोडा, कापूर तोंडात धरावा, असेही तो म्हणतो. यांत तंबाखूचे नाव कोठेही नाही. असणार कसे? ती वनस्पती अमेरिकेची. पोर्तुगीजांची गलबते या किनाऱ्याला लागल्यानंतर ती इकडे आली.

ती आली तीही आमच्याच बाजूने. अकबराचा सरदार असदबेग हा विजापूरच्या दरबारी गेला होता. त्याने तेथे तंबाखू पाहिली आणि सुमारे १६०४-०५ साली ती नळीसह आग्र्यास नेऊन बादशहापुढे ठेवली. त्या वेळी कराड विजापूरच्याच अमलाखाली होते, म्हणजे आग्र्याच्या आधी हा धूर आमच्या आसपास पोहोचला होता म्हणावयास हरकत नाही. या प्रसंगातली एक गोष्ट मला मोठी मौजेची वाटते. दरबारच्या हकिमाने हरकत घेतली की, ज्या वस्तूबद्दल आपल्या ग्रंथांत काही लिहिलेले नाही, ती खाविंदांनी घेऊ नये. असदबेगाने वाद घालून त्याला गप्प केले. पुढे १६१७ साली जहांगिराने तंबाखूला मनाई केली. पण ती कोण पाळतो! हकीम हरला तो हरलाच.

आता मिश्रीकडे वळू. पूर्वी आपल्या घरोघरी दातवण असे. हिरडा, हिराकस वगैरे जिन्नसांची ही पूड लावली म्हणजे दात काळे होत, आणि काळे दात हे सुवासिनीचे लेणे समजले जाई. उत्तरेकडे असल्याच पुडीला मिस्सी म्हणत. आमची ‘मिश्री’ किंवा ‘मशेरी’ या शब्दाचे नाते त्या मिस्सीशी असावे, असे माझे मत आहे. नाव राहिले, काळा रंग राहिला, बोटाने हिरडीला चोळण्याची रीत राहिली. आतला जिन्नस तेवढा बदलला. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजायची, चुरायची, डबीत भरायची. सकाळी एकदा, भाकरी झाल्यावर एकदा, रानातून आल्यावर पुन्हा. दुखऱ्या हिरडीला ती घटकाभर बधीर करते, म्हणून औषध म्हणूनही तिची ख्याती. सुनेला ती सासू शिकवते आणि लेकीला आई.

येथेच या सवयीचे मर्म आहे. पुरुष पानपट्टीवर उभा राहून तंबाखू मळतो तेव्हा ते व्यसन आहे हे त्याला ठाऊक असते. बाईची मिश्री मात्र स्वच्छतेच्या दाराने घरात शिरली. डॉक्टरांनी विचारले, “बाई, तंबाखू खाता काय?” तर ती अगदी खरेपणाने सांगते, “छे वो, तंबाखूला आमी शिवत न्हाई. नुसती मिश्री लावतो.” भाजल्यावर तंबाखूतले विष जळून जाते, असाही एक समज आहे. खरे पाहता रोगाला कारण होणारी द्रव्ये तिच्यात राहतातच. शिवाय भाजण्याने धुरातली काही विषारी द्रव्ये नव्याने तयार होतात.

या रोगाचा छडा लावण्यात आपल्या मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे, आणि तो पाठ्यपुस्तकांत यावयास हवा होता. मुंबईस टाटा रुग्णालय १९४१ साली उघडले. तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुखाच्या कर्करोगाच्या एक हजार रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. पाश्चात्य देशांच्या मानाने आपल्याकडे हा रोग इतका का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि उत्तर त्यांनी लोकांच्या सवयींत शोधले. १९५५ साली डॉ. संघवी, डॉ. राव आणि खानोलकर यांनी आणखी बारकावा दाखविला: तंबाखू चघळणाऱ्याला रोग बहुधा तोंडाच्या पोकळीत होतो, विडी ओढणाऱ्याला जिभेच्या मुळाशी आणि घशात, दोन्ही करणाऱ्याचा धोका सर्वांत जास्त. जेथे तंबाखू टेकते, तेथे ती चावते, असे आमच्या भाषेत म्हणता येईल.

पुढचे काम खेड्यांत झाले. डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी, त्यांत डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्गही होते, यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासली आणि १९७२ साली वृत्तांत छापला. लाखभर माणसांना “आ करा” म्हणायचे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा! अशा पाहण्यांतून दिसले ते हे की, मुखाचा कर्करोग आणि त्याच्या आधी उठणारे पांढरे चट्टे हे बहुतेक सगळे तंबाखूची सवय असलेल्यांतच सापडतात. नंतर केरळ, आंध्र व गुजरातेतील तीन जिल्ह्यांत ३६,००० तंबाखू सेवन करणाऱ्यांना सवय सोडण्याविषयी समजावून सांगण्यात आले. समक्ष भेटून, चित्रपट दाखवून, रेडिओवरूनही. ज्यांना असे सांगितले त्यांच्यात पांढरे चट्टे कमी उठू लागले, हे १९८६ साली जाहीर झाले. आमच्यासारख्या बोलणाऱ्यांना तेवढाच दिलासा.

मग दात न घासणे हेच कारण नव्हे काय, असे कोणी विचारील. तेही आहे. किडके, तुटके, सतत गालाला टोचणारे दात आणि सुजलेल्या हिरड्या असलेल्यांत हा रोग अधिक आढळतो. पण तंबाखूच्या मानाने हे कारण लहान. चरकाच्या यादीतली सुपारी मात्र निर्दोष ठरली नाही. नुसती सुपारीदेखील कर्करोगाला कारण होते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. तिच्यामुळे गाल आतून ताठ होतात आणि तोंड उघडेनासे होते. गुटख्याच्या पुड्यांनी तर हा विकार कोवळ्या पोरांपर्यंत नेला.

कायदे झाले. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली. २०१२ साली महाराष्ट्राने गुटख्याला बंदी केली. परंतु दुकानातून तंबाखूचा पुडा आणून तो घरच्या चुलीवर भाजला, तर दंतमंजनाचा कायदा तेथे काय करणार? त्या तव्यापर्यंत पोहोचायचे तर डॉक्टरांना, आरोग्यसेविकेला आणि शाळामास्तरांना प्रश्नच बदलावा लागेल. “तंबाखू खाता का?” असे न विचारता “मिश्री लावता का? दिवसातून किती वेळा?” असे विचारावे. आणि तोंडात पांढरा अगर लाल चट्टा दिसला, किंवा दोन-तीन आठवड्यांत भरून न येणारा फोड दिसला, तर तो दुखत नाही म्हणून थांबू नये. हा रोग आरंभी दुखत नाही, आणि दुखू लागतो तेव्हा बहुधा गळ्यात गाठ आलेली असते.