विज्ञान मंडळ, शालेय

विज्ञान मंडळ, शालेय : अभ्यासक्रमाबाहेरचे प्रयोग, निरीक्षणे, व्याख्याने व सहली यांसाठी शाळेतील विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली चालविलेले मंडळ. विज्ञानाचे शिक्षक मार्गदर्शक असतात. चिटणीस बहुधा वरच्या इयत्तेतला विद्यार्थी असतो. वर्गातल्या प्रयोगाचे उत्तर पुस्तकात आधीच छापलेले असते. मंडळात ते मोजून काढावे लागते, हा दोहोंमधला मुख्य फरक.

व्याख्याने : मुलांसमोर प्रयोग करीत बोलण्याची परंपरा जुनी आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील नाताळची व्याख्याने १८२५ मध्ये सुरू झाली. तेथे मायकेल फॅराडे यांनी मेणबत्तीच्या ज्योतीवर दिलेली व्याख्यानमाला विशेष गाजली. महाराष्ट्रात २४ एप्रिल १९६६ रोजी स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने मराठीतून विज्ञानप्रसाराचे काम सातत्याने केले. पुण्याच्या आयुका संस्थेत दुसऱ्या शनिवारी शालेय विद्यार्थ्यांसाठी होणाऱ्या सप्रयोग व्याख्यानांनी अनेक पिढ्यांना शास्त्रज्ञ प्रत्यक्ष भेटविले. शाळेतील मोठा कार्यक्रम बहुधा २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी असतो. १९२८ मध्ये याच दिवशी चं. वें. रामन यांना रामन परिणामाचा शोध लागला.

सणावाराला जोडून ठेवलेले व्याख्यान मुलांच्या अधिक लक्षात राहते. नागपंचमीच्या सुमारास सर्पमित्राला बोलावले, की साप दूध का पीत नाही, त्याला बाह्यकर्ण नसताना तो पुंगीपुढे का डोलतो, हे प्रश्न आपोआप निघतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी साप ओळखता येणे आणि सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता थेट रुग्णालय गाठणे, ही ग्रामीण भागात जीव वाचविणारी माहिती ठरते.

उपक्रम : साधने घरातली असली तरी चालतात. हळदीत बुडवून वाळविलेला कागद साबणाच्या पाण्याने लाल होतो आणि लिंबाच्या रसाने पुन्हा पिवळा पडतो. आम्ल-आम्लारी ओळखायला एवढे पुरे. सरळ उभ्या भिंतींचा डबा व मोजपट्टी यांचे पर्जन्यमापक होते. एक चौ.मी. जागेवर पडलेला एक मिमी. पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे कळले, की शाळेच्या छपरावरून किती पाणी वाहून जाते त्याचा हिशेब मुले स्वतः मांडतात.

सावलीचे प्रयोग विशेष फलदायी असतात. महाराष्ट्र संपूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने सूर्य येथे वर्षातून दोनदा माथ्यावर येतो. मात्र पहिल्या शून्य सावलीच्या वेळी, मे महिन्यात, शाळेला सुटी असते आणि दुसऱ्या वेळी पावसाळी ढग आड येतात. म्हणून डिसेंबर सोयीचा. नाशिक व कोल्हापूर जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. २२ डिसेंबरला स्थानिक मध्यान्ही एक मीटर उंचीच्या काठीची सावली कोल्हापुरात सुमारे ८४ सेंमी., तर नाशिकमध्ये सुमारे ९५ सेंमी. पडते. त्यावरून सूर्याच्या माथ्यापासूनच्या कोनांत सुमारे ३.३ अंशांचा फरक निघतो. दोन शहरांमधले सरळ अंतर सुमारे ३६६ किमी. धरले, तर पृथ्वीचा परीघ ४०,००० किमी.च्या आसपास येतो. कोनाच्या फरकात अर्ध्या अंशाची चूक झाली, तर उत्तर पाच ते सात हजार किमी.ने घसरते. काठी ओळंब्याने उभी का करायची आणि मोजणी तीन-चारदा का करायची, हे त्या घसरलेल्या उत्तरावरून मुलांना पटते.

मर्यादा : मंडळाचे काम पुष्कळदा वार्षिक प्रदर्शनापुरते उरते. थर्मोकोलचा ज्वालामुखी किंवा दुकानातून आणलेली तयार प्रतिकृती बक्षीस मिळवून देते. त्यामागे मोजणी किंवा प्रश्न असतोच असे नाही. परीक्षांचा ताण, शनिवारची अर्धी शाळा आणि शिक्षकांची बदली यांमुळेही उपक्रम खंडित होतात. अशा वेळी उपयोगी पडते ती नोंदवही. दहावीची तुकडी शाळा सोडून जाते. पण तिने लिहिलेले पावसाचे आकडे पुढच्या तुकडीच्या हाती येतात, आणि यंदाचा पाऊस खरोखरच कमी झाला का, हे सांगायला वर्तमानपत्राची वाट पाहावी लागत नाही.