एप्रनवरचं काळं मांजर

गुलमंडीतल्या दुकानात काळ्या मांजराचं फ्रेंच चित्र छापलेला सुती एप्रन दिसला, तर आपण तो हौसेची वस्तू म्हणून बघतो. पण ते मांजर मुळात पॅरिसच्या रस्त्यावरचं. स्टाइनलेननं ते १८९६ साली ‘शा न्वार’ म्हणजे ‘काळं मांजर’ या कॅबरेच्या दौऱ्याच्या जाहिरातीसाठी काढलं. दगडावरून छापायचं, भिंतीवर चिकटवायचं, पावसात फाटलं की संपलं.

आता त्याच दशकात आपल्याकडे काय चाललं होतं? १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तंत्र तेच, दगडाचं. पण तिकडचं चित्र रस्त्यावर लागलं, इकडची लक्ष्मी-सरस्वती देवघरात गेली. घरोघरच्या बायकांनी त्या छापील देवींच्या साड्यांवर जर आणि टिकल्या शिवल्या.

म्हणजे चित्र छापखान्यात पुरं झालं नाही, घरात झालं. तरी आपण लिहिलेल्या इतिहासात नावं राहिली ती स्टाइनलेनची, रविवर्मांची. टिकल्या शिवणारीचं नाव चित्रावर नाही. एप्रन घालून पोळ्या लाटणारीचंही नसतं. छापील चित्राचा इतिहास आपल्याला पुरा करायचा असेल, तर या बायकांचं कामही त्यात धरावं लागेल.