लष्करी प्रतिकृतिरचना

युद्धविमाने, रणगाडे इत्यादींच्या प्रमाणबद्ध लघुप्रतिकृती जोडून रंगविण्याची छंदकला. पॉलिस्टायरीनचे सुटे भाग चौकटीतून कापून, घासून द्रावक गोंदाने जोडतात. विमानांसाठी १:७२ व १:४८, तर रणगाड्यांसाठी १:३५ ही प्रमाणे रूढ आहेत. ७.१५ मी. पंखविस्ताराचे मिग-२१ हे युद्धविमान १:७२ प्रमाणात सुमारे १० सेंमी. रुंद भरते. ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीचा स्पिटफायर विमानाचा संच १९५३ मध्ये आला. जपानच्या तामिया कंपनीने १:३५ हे प्रमाण रुळवले.

रंगकामात अस्तर, मूळ रंग, चिन्हांचे चिकटपट, खाचांत काळपट पातळ रंग व शेवटी धूळ-गंजाच्या छटा असा क्रम असतो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या मुंबईच्या उपनगरांत पावसाळी दमट हवेत फवारलेले लॅकर पांढुरके पडू शकते. त्यामुळे कोरडा दिवस निवडणे हितावह.

अचूकतेसाठी प्रत्यक्ष यंत्राचे निरीक्षण सर्वांत उपयुक्त. त्यासाठी अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय (स्थापना १९९४) महत्त्वाचे आहे. नाशिकजवळच्या ओझरला बांधणी झालेली मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी भारतीय हवाई दलातून निवृत्त झाली; त्यामुळे ती आता सेवेत पाहता येत नाहीत. अशा यंत्रांचा आकार, रंग व इतिहास घराघरांत जतन करण्याचे मोलाचे कार्य ही कला करते.