कल्याणची चार मुलं आणि परतीची वाट

मी शिरूर तालुक्यातल्या इनामगावचा. आमच्याकडची पोरं पुण्या-मुंबईला जातात, पण घरी सांगून. आजचा भाग न सांगता गेलेल्यांबद्दल आहे.

मे २०१४. कल्याणचे चार तरुण, अरीब माजिद, फहाद शेख, अमान तांडेल आणि सहीम टंकी, यात्रेकरूंच्या गटाबरोबर बगदादला पोचले आणि तिथून गायब झाले. ते आयसिसकडे गेल्याचं पुढे आलं. आता तारखा बघा. मोसूल पडलं जूनमध्ये, 'खिलाफत' जाहीर झाली २९ जूनला. म्हणजे आपल्याकडे टीव्हीवर गाजावाजा होण्याआधीच ही मुलं घराबाहेर पडली होती.

आपण लगेच म्हणतो, गरिबी असेल, शिक्षण नसेल. पण अरीब इंजिनियरिंगचा विद्यार्थी, वडील डॉक्टर. मीही बीटेक केलंय, म्हणून सांगतो, डिग्रीने माणूस यातून आपोआप वाचत नाही. जगभर पॅटर्न साधारण सारखाच दिसला. आधी सीरियातल्या खऱ्या अत्याचारांचे व्हिडिओ. एक बघितला की फीड तसलेच दहा दाखवतं. मग चॅटवर कुणीतरी आपुलकीने बोलणारा भेटतो. तो म्हणतो, नुसता रडतोस काय, ये इकडे. आणि हळूच सांगतो, घरच्यांना कळू देऊ नकोस. माझ्या मते खरा सापळा हाच. राग खरा असतो, त्याला दिशा मात्र दुसराच देतो.

ऑगस्टमध्ये अरीब मारला गेल्याचा निरोप घरी आला. पण तो जिवंत होता. नोव्हेंबरमध्ये तुर्कस्तानमार्गे परतला आणि एनआयएने त्याला अटक केली. तिकडे आपल्याला संडास साफ करायला, पाणी भरायला लावलं, असं त्याने चौकशीत सांगितल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. बाकीचे तिघे परतलेच नाहीत. अरीबला २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामीन कायम ठेवला तेव्हा त्याची सहा वर्षं तुरुंगात गेली होती आणि खटला संपलेला नव्हता.

आता डिसेंबर २०१५, पुणे. सोळा वर्षांची एक मुलगी अशाच ऑनलाइन संपर्कात असल्याचं एटीएसला कळलं. तिला अटक झाली नाही. घरचे आणि धर्माचे जाणकार यांना सोबत घेऊन तिचं समुपदेशन केलं.

दोन गोष्टींत फरक वेळेचा आहे. पुण्यात ती घरात असतानाच कुणीतरी बोललं. कल्याणच्या कुटुंबांनीही मुलं गेल्यावर स्वतः पोलीस गाठले होते, पण तोवर विमान उडालं होतं. घरातला मुलगा काही भयंकर बोलला, तर त्याला गप्प करू नका. तो आपल्याशी बोलायचा थांबला, की दुसरं कुणीतरी ऐकायला बसलेलंच असतं.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.