जुन्या तंबोऱ्याची ओळख

नांदेड किंवा लातूरकडील एखाद्या जुन्या वाड्याच्या माडीवर, गवसणीत गुंडाळलेला, खुंट्या सैल झालेला तंबोरा सापडला, म्हणजे त्याच्याविषयी घरातील वडीलधाऱ्यांकडून एकच वाक्य ऐकावयास मिळते : 'हा मिरजेचा आहे, शंभर वर्षांचा आहे.' हे वाक्य अभिमानाने उच्चारले जाते आणि तो अभिमान वावगाही नव्हे. परंतु अभिमान म्हणजे प्रमाण नव्हे. ज्या वस्तूने तीन पिढ्यांचा सूर सांभाळला, तिची खरी ओळख करून घेणे हे तिच्या ऋणातून मुक्त होण्याचे पहिले पाऊल होय.

पाश्चात्यांच्या गिटारीची गोष्ट या बाबतीत निराळी आहे. अमेरिकेतील मार्टिन नामक कारखाना १८३३ साली सुरू झाला, आणि १८९८ पासून तेथे प्रत्येक वाद्याच्या पोटात अनुक्रमांक घालण्याचा प्रघात पडला. तो आकडा वाचला आणि कारखान्याच्या यादीशी ताडून पाहिला, की वाद्याचे जन्मवर्ष हाती येते. आमच्या तंबोऱ्याला असा जन्मदाखला नाही. त्याचे वय त्याच्या अंगावरूनच वाचावे लागते, आणि त्यासाठी थोडा इतिहास ठाऊक असावा लागतो.

तंतुवाद्यांचा विचार मराठवाड्याला नवा नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचिला. त्याच्या वाद्याध्यायात एकतंत्री, किन्नरी, आलापिनी इत्यादी वीणांची सविस्तर वर्णने आहेत. आजच्या तंबोऱ्याचे रूप मात्र त्यात नाही; ते पुढील काळात घडले. मिरजेची कथा तर अगदी अलीकडची. शस्त्रे घडविणारे व त्यांना धार लावणारे शिकलगार मराठी सत्तेच्या अस्तानंतर रिकामे झाले. त्यांच्यापैकी फरीदसाहेबांनी १८५० च्या सुमारास वाद्ये घडविण्यास आरंभ केला, असे तेथील परंपरा सांगते. तलवारीला हात लावणाऱ्या बोटांनी तार जुळवावी, हा कालचक्राचा फेरा मोठा अर्थपूर्ण आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा कडू भोपळा आणि तुणाचे लाकूड यांवर हा धंदा वाढला. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांचे वास्तव्य मिरजेस झाले. १९३७ साली त्यांचे निधन झाल्यावर तेथेच त्यांचे दफन झाले, आणि गायक व कारागीर यांचा संबंध त्या गावी अधिकच दृढ झाला.

आता लातूरचा मिरजेशी संबंध पाहा. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग १८९७ साली प्रथम धावला. तो १९०६ मध्ये पंढरपुरास, १९११ मध्ये लातुरास आणि १९२७ मध्ये मिरजेस पोहोचला. म्हणजे ज्या भागात भोपळा पिकतो, ज्या गावी तंबोरा घडतो आणि ज्या गावी तो गाइला जातो, ती तिन्ही ठिकाणे एकाच रुळांवर आली. तेव्हा 'आजोबांनी १९०० साली मिरजेहून थेट लातूरपर्यंत आगगाडीने आणला' ही हकीकत ऐकली, तर वर्षात नाही तर वाटेत कोठे तरी चूक आहे, हे समजावे. पण हीच हकीकत १९३० ची म्हणून सांगितली, तर ती सहज संभवनीय ठरते.

नांदेडची परिस्थिती भिन्न आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंहांचे तेथे निर्वाण झाले, आणि शीख कीर्तनाची परंपरा त्या नगरीशी जोडली गेली. त्या परंपरेत रबाब, ताऊस, दिलरुबा ही वाद्ये मानाची आहेत. शिवाय दक्षिणेची वाट हैदराबादेवरून येते. म्हणून नांदेडातील जुने तंतुवाद्य दिसताच त्याला तंबोरा म्हणण्याची घाई करू नये. चामडे मढविलेले आणि गजाने वाजविण्याजोगे असेल तर ते दिलरुब्याच्या कुळातील. दांडीवर पडदे बांधलेले आणि नखीने छेडण्याचे असेल तर सतार. पडदे नसून चार तारा असतील तर तंबोरा. त्यातही पोट भोपळ्याचे नसून कोरलेल्या लाकडाचे असेल, तर तो मिरजेचा नव्हे, दक्षिणेकडील तंजावरी पद्धतीचा असण्याचा संभव अधिक.

नक्षी पाहताना फसगत फार होते. खऱ्या हस्तिदंताच्या कापलेल्या तोंडावर एकमेकींस छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात; हाडावर सूक्ष्म छिद्रे व ठिपके असतात; सेल्युलॉइडवर यांपैकी काहीच नसते. सेल्युलॉइड १८७० च्या सुमारास प्रचारात आले. तेव्हा मूळची नक्षी त्याची असेल, तर वाद्य त्यापूर्वीचे असू शकत नाही. मात्र नक्षी मागाहूनही बसविलेली असते. घोडीवरून तर वय ठरवूच नये. जवारी काढता काढता ती झिजते आणि कैकदा नवी बसविली जाते. नावाची पट्टीही सावधपणे वाचावी. सतारमेकर हे आडनाव अनेक कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या चालविले आहे. त्यामुळे पट्टी घराणे सांगते, माणूस सांगत नाही. त्यापेक्षा खुंट्यांच्या भोकांची झीज, दांडीवर हाताच्या घर्षणाने आलेली झिलई आणि भोपळ्याच्या आतील जुन्या सरसाचे डाग हे साक्षीदार अधिक विश्वासू होत.

आणि नेमके हेच साक्षीदार आपण आपल्या हातांनी नाहीसे करतो. दिवाणखान्याची शोभा वाढावी म्हणून तंबोरा घासून, चकचकीत रोगण चढवून उभा केला जातो. झिजलेल्या खुंट्या फेकून नव्या बसविल्या जातात. आणि एका दुपारी शंभर वर्षांची लेखी नसलेली बखर पुसली जाते. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. त्याने नव्या वाद्यांच्या नावास कायद्याचे संरक्षण लाभले. परंतु माळ्यावरच्या जुन्या वाद्यास त्या कागदाचा उपयोग नाही. त्याचे संरक्षण घरच्या माणसांनीच करावयाचे आहे.

ते फारसे कठीण नाही. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसावी, तारा उतरवून ठेवाव्यात, ओल आणि ऊन यांपासून ते दूर ठेवावे, आणि दुरुस्ती जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावी. काढलेला जुना तुकडा टाकू नये. घरातील वृद्धांकडून ते कोणी, कोठून व कधी आणले, हे विचारून कागदावर लिहावे आणि तो कागद गवसणीतच ठेवावा. तंबोरा स्वतः गात नाही, तो गाणाऱ्यास आधार देतो. त्याच्या इतिहासालाही तसाच आधार हवा आहे. आणि तो देणारे आपल्यावाचून दुसरे कोणी नाही.