काटकसर आणि गहाणखत

शेतकऱ्याची जमीन सावकाराकडे गहाण पडली की, लग्नकार्यातील उधळपट्टीला बोल लावण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जमावाने सावकारांच्या वह्या व खते जाळली. त्या दंग्याची चौकशी करणाऱ्या आयोगाने मात्र, लग्नखर्चाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे, असा निर्वाळा दिला.

खरी मेख खतात होती. 1859 च्या कायद्याने, नोंदणी न केलेल्या खताची मुदत 3 वर्षांवर आणली. ती सरण्यापूर्वी सावकार नवे खत लिहून घेई आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवी. दरमहा शेकडा 2 रुपये धरले, तरी 100 रुपयांचे 3 वर्षांत 172 होत. पुढील 3 वर्षांत 295 च्या वर जात. असे फुगलेले कर्ज अखेर जमिनीच्या गहाणखतात उतरे. तेलमीठ तोडून ते कसे फिटावे? आणि त्या घरात तोडण्याजोगे तेल तरी किती!

1879 च्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या जिल्ह्यांत न्यायाधीशास व्यवहार मुळापासून तपासण्याचा व हप्ते बांधून देण्याचा अधिकार मिळाला. पोटाला चिमटा घेऊन भरलेला रुपया मुद्दलापर्यंत पोहोचण्याची सोय झाली. कित्येक सावकारांनी मग गहाणाऐवजी खरेदीखतेच लिहून घेण्यास आरंभ केला.